मारेकऱ्यांची आत्या

आमची आत्या काय काम करते, असं कुणी विचारलं की आमच्या घरात सगळ्यांना एकदम खोकला यायचा. "इस्पितळात असते," एवढं सांगून विषय हवापाण्याकडे वळवायचा, ही घरातली रीत. आतोबांना मात्र, म्हणजे आत्याच्या यजमानांना, ही रीत कधी जमली नाही. त्यांनी जन्मभर बस चालवली. रस्त्यावर इतकी वळणं घेतली की बोलण्यात घ्यायला एकही शिल्लक राहिलं नाही. मुलाचं लग्न ठरत होतं तेव्हा होणाऱ्या विहीणबाई पहिल्यांदा घरी आल्या आणि चहात बिस्किट बुडवता बुडवता त्यांनी कौतुकाने विचारलं, "ताई, तुम्ही इस्पितळात नक्की काय करता हो?"

आम्ही सगळे खोकलो. आतोबा म्हणाले, "बाळंतीण सुटली की वार पडते ना, ती ही डब्यात भरून नेते."

विहीणबाईंचं बिस्किट चहात गेलं ते वर आलंच नाही.

"अहो, संशोधनासाठी!" आत्या ओरडली. "संशोधनासाठी नेते!"

"नेते आणि बारीक चिरते," आतोबांनी माहिती पूर्ण केली.

आतोबा एक अक्षरही खोटं बोलले नव्हते. बाळ जन्मतं तेव्हा डॉक्टर, नर्स, बाप, सगळ्यांच्या माना एका दिशेला वळतात. आत्याची मान उलट्या दिशेला. हातात बर्फ भरलेली निळी पेटी, पायात रबरी बूट आणि चेहऱ्यावर भाजीबाजारात सर्वांत आधी पोचलेल्या गिऱ्हाइकाचा उतावीळपणा. आईने परवानगी आधीच दिलेली असायची. वार बाहेर आली की ती पेटीत, पेटी आत्याच्या कुशीत आणि आत्या लिफ्टमध्ये. मग तळघरातल्या प्रयोगशाळेत धुणं, चिरणं, गाळणं, यंत्रात गरगर फिरवणं. एवढा सगळा घाट घातल्यावर, वारेला चिकटून आलेल्या गर्भाशयाच्या अस्तरातून चमचाभर गढूळ पाणी हाती लागायचं. त्या चमचाभर पाण्यात आत्याचा जीव अडकलेला असायचा, कारण त्यात तिच्या 'पोरी' होत्या.

पोरी म्हणजे पेशी. पुस्तकातलं त्यांचं नाव मारेकरी पेशी. हे नाव ऐकलं की आत्याचं डोकं फिरायचं. एखाद्या सालस मुलीला शाळेत कुणी भलतंच नाव ठेवावं आणि ते जन्मभर चिकटावं, तसं तिला वाटायचं. जेवायला बसलेल्या माणसाला उठून जाता येत नाही, हे हेरून ती व्याख्यान नेमकं जेवताना सुरू करायची.

"मूल म्हणजे अर्धं बापाचं. म्हणजे आईच्या शरीराच्या हिशेबात अर्धा परका. आता या पेशींच्या रक्तातल्या बहिणी बघा, पेशी बिघडलेली दिसली की नाव-गाव न विचारता उडवतात. आणि गरोदरपणाच्या सुरुवातीला गर्भाशयात जे पहारेकरी असतात, त्यांत निम्म्याहून जास्त भरणा माझ्या पोरींचा! सगळे म्हणाले, संपलं, पाहुण्याचं आता काही खरं नाही. आणि पोरी काय करतात? पाहुण्यासाठी रस्ते रुंद करतात! आईच्या रक्तवाहिन्या मोठ्या व्हायला मदत करतात, म्हणजे बाळाला रक्त भरपूर पोचावं. नाव मारेकऱ्याचं, काम बांधकाम खात्याचं!"

"मग नाव बदला," आतोबा म्हणायचे.

"तुमच्या बसवर 'जलद' लिहिलेलं असायचं. ते कुणी बदललं का?"

आतोबा आमटी ओरपायचे. आत्या मग दुसऱ्या अंकाला हात घालायची. तो अंक जंतूंचा. जंतू बाळाच्या बाजूच्या एखाद्या पेशीत शिरून लपला तर काय करायचं? पेशी फोडावी तर वारेच्या भिंतीलाच भोक. सोडून द्यावं तर चोर आत बसून पोसतो. "मग ती काय करते," आत्या म्हणायची आणि शेजारच्या माणसाच्या सरबतातली नळी उपसून स्वतःच्या दह्यात खुपसायची, "ती अशी बारीक नळी लावते, आणि नळीतून आत विष सोडते. जंतू मरेल एवढंच. जंतू खलास, पेशी जिवंत! दाराला ओरखडा नाही आणि आतला चोर आडवा!"

हा शोध आत्याचा नव्हे. कुठल्या तरी दूरच्या प्रयोगशाळेतल्या लोकांनी तो लावला. पण ती सांगायची असं की नळीचं दुसरं टोक जणू तिनेच धरलं होतं.

अशा घरात सून आली ती लिफ्टमधून. म्हणजे आत्याचा मुलगा, ज्याला आम्ही सगळे चिरंजीव म्हणतो, तो लिफ्ट दुरुस्त करायचा आणि ही मुलगी लिफ्टमध्ये बोलायची. दरवाजा बंद होत आहे, तिसरा मजला, वगैरे सांगणारा जो आवाज असतो, तो तिचा. बंद पडलेल्या लिफ्टमध्ये बसून चिरंजीवाने 'कृपया दरवाजापासून दूर उभे राहा' इतक्या वेळा ऐकलं की शेवटी तो आवाज भरणाऱ्या कंपनीत जाऊन उभा राहिला. दूर राहा म्हणणाऱ्या मुलीच्या इतकं जवळ जाणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

सून गोड होती, पण गोड बोलणाऱ्या माणसांत जो एक चिवटपणा असतो तो तिच्यात काठोकाठ होता. लिफ्टमधला आवाज कधी भांडतो का? नाही. आणि कधी ऐकतो का? तेही नाही. सासू-सुनेचं बरं चाललं होतं. सून सासूला 'आई' म्हणायची आणि तिची व्याख्यानं मन लावून ऐकायची, मधूनमधून 'हो का?' म्हणायची. विहीणबाईंनासुद्धा एवढी दाद तिने कधी दिली नव्हती, हे त्या येता-जाता बोलून दाखवायच्या.

मग ती गरोदर राहिली, आणि तिसऱ्या महिन्यात ते मूल गेलं. कुणाची चूक नव्हती. डॉक्टरांनी तसं सांगितलं, आत्यानेही सांगितलं. पण त्या काळात आत्या जेवताना काही बोलली नाही.

पुढच्या वर्षी पुन्हा दिवस राहिले तेव्हा आत्याने घरात पहारा बसवला. पहिली धाड पडली फ्रीजवर. सुनेचा जीव की प्राण म्हणजे मऊ, पांढरं, चमच्याने उकरून खायचं चीज. आत्याने ते दोन बोटांत मेलेला उंदीर धरावा तसं धरून बाहेर काढलं.

"यात एक जंतू असू शकतो," ती म्हणाली. "लिस्टेरिया. धडधाकट माणसाचं फार तर पोट बिघडवेल. गरोदर बाईला नुसता तापासारखा ताप येतो आणि तो मेला वारेतून पलीकडे बाळाकडे जातो. आणि लबाड इतका, की थंडीतही वाढतो!"

"पण आई, हे तापवलेल्या दुधाचं आहे. पाकिटावर लिहिलंय."

"पाकिटावर काय, काहीही लिहितात. बसवर 'जलद' लिहितात."

आतोबांनी उगाचच घसा खाकरला.

चीज गेलं, बाहेरचं थंड खाणं गेलं, उरलंसुरलं खाणं गेलं. त्या सगळ्याच्या जागी आत्याने खरबूज आणलं. खरबूज थंड, खरबूज हलकं, खरबूज सात्त्विक! दर रविवारी ती दोन मोठी खरबुजं प्रयोगशाळेच्या शिस्तीत सोलायची, सारख्या चौकोनी फोडी करायची, झाकणाच्या डब्यांत भरायची आणि प्रत्येक डब्यावर पट्टी चिकटवायची: खरबूज, तारीख, खाली स्वतःची सही. फ्रीजचा काटा चार अंशांवर. मधल्या कप्प्यात आठवड्याचे डबे सैनिकांसारखे उभे. चार अंशांवर ठेवलेलं काही बिघडत नाही, हा तिच्या कामातला पहिला धडा होता. आणि सून ते खायची, कारण खाल्ल्याशिवाय आत्या समोरून हलायची नाही.

सुनेने आपल्या बाजूने तिच्या स्वभावाप्रमाणे वाट काढली. चिरंजीव पान्ह्यांच्या पिशवीतून चीज आणायचा. ठेवायचं कुठे? आतोबांच्या गुडघ्यावर ठेवायची एक बर्फाची पिशवी होती, लोकरीच्या खोळीतली. ती फ्रीजच्या खालच्या खणात असायची आणि तिला आत्या कधी हात लावत नसे. खोळीत चीजची सीलबंद पाकिटं गेली. एक उघडलं की संपवायचं, असा नियम. आतोबा कटात सामील. त्या दिवसांत त्यांचा गुडघा फार वारंवार दुखायचा आणि पिशवी घेऊन ते सुनेच्या खोलीतच जाऊन बसायचे.

हे वर्षानुवर्षं चाललं असतं. पण एका दुपारी आतोबांचा गुडघा खरोखरच दुखला. आत्याला एकदम माया आली. "थांबा, तुम्ही उठू नका," म्हणत तिने स्वतः खोळ आणून गुडघ्यावर दाबली. ती दबली. जरा जास्तच दबली.

"हे काय?" आत्याने आत हात घालून विचारलं.

"गुडघा," आतोबा म्हणाले.

त्यानंतर जे झालं ते मजल्यावरच्या सगळ्या घरांनी ऐकलं. आत्या म्हणाली, मी रक्ताचं पाणी करते आणि घरातली माणसं माझ्याच पाठीमागे चोरून जंतू पोसतात. सून आधी शांतपणे म्हणाली की पाकीट सीलबंद आहे. मग जरा कमी शांतपणे म्हणाली की मला काही कळत नाही असं समजू नका. आणि शेवटी लिफ्टमध्ये कुणी कधी ऐकला नसेल अशा आवाजात म्हणाली, "तुमच्या त्या पोरी पाहुण्यासाठी रस्ते रुंद करतात म्हणे! आणि तुम्ही मला माझ्याच स्वयंपाकघरात जायला रस्ता ठेवला नाहीत!"

संध्याकाळी ती आईकडे राहायला गेली. विहीणबाई चार गल्ल्या सोडून राहायच्या, पण त्यांनी लेकीला असं उतरवून घेतलं की जणू ती समुद्रातून पोहत आली आहे.

आत्या नमली नाही. पण डबे चालूच राहिले. रविवारी खरबूज चिरायचं, पट्ट्या लावायच्या, आणि चिरंजीवाच्या हाती धाडायचं. "माझ्याशी बोलू नको म्हणावं, पण खा म्हणावं." सूनही रागाची पक्की; बोलली नाही, पण अन्नाशी काय भांडण, म्हणून खात राहिली. शिक्षा खरी आत्यालाच झाली. इस्पितळाच्या लिफ्टमध्येही सुनेचाच आवाज होता. निळी पेटी घेऊन आत्या दिवसातून दहा वेळा खाली-वर करायची आणि दर खेपेला सून तिला अतिशय नम्रपणे दूर उभं राहायला सांगायची. एकदा लिफ्टमधल्या लोकांनी आत्याला छताकडे बघून "तूच राहा!" म्हणताना ऐकलं.

सातवा महिना सरला होता. एका सकाळी चिरंजीव घरी आला आणि कपाटं उचकू लागला.

"काय शोधतोस?" आत्याने विचारलं.

"ताप मोजायचं... ते कुठंय?"

"कशाला?"

"लिफ्टला हवंय."

"लिफ्टला ताप आलाय?"

"मोटर गरम होते," चिरंजीव म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले. हा मुलगा लहानपणापासून कानांनी खरं बोलतो.

आत्याने एक प्रश्न विचारला: "कधीपासून?" चिरंजीवाने सगळं सांगून टाकलं. परवापासून कणकण होती. पाठ दुखत होती. सुनेने सगळ्यांना शपथ घातली होती की आईंना कळता कामा नये. चीजचं काढतील आणि मला फाडून खातील, असं ती म्हणाली होती. आणि मग रडत म्हणाली होती की चीजमुळेच झालं असेल, म्हणजे मीच केलं.

विहीणबाईंच्या घरापर्यंत चालताना आत्याने एक भाषण तयार केलं. चार गल्ल्यांत त्याला प्रस्तावना, मुद्दे आणि उपसंहार आला. दार उघडलं. सून पलंगावर बसली होती, गाल लाल, ओठ कोरडे, दोन्ही हात पोटावर. सासूला बघून ती इतकी दचकली की आत्याचं अख्खं भाषण घशातच राहिलं.

"चप्पल घाल," आत्या म्हणाली. "निघायचं."

तपासणी झाली, रक्त तपासायला गेलं, आणि आत्याने काय शंका आहे ते सांगितल्यावर डॉक्टरांनी निकालाची वाट न बघता शिरेतून औषध सुरू केलं. पोटाला पट्टा बांधला. बाळाचे ठोके खोलीभर टकटक वाजू लागले. रक्तात लिस्टेरियाच निघाला. पण औषध वेळेवर पोचलं होतं. ताप उतरला, ठोके नीट राहिले. वाचकांचा जीव टांगणीला नको म्हणून आताच सांगून टाकतो: पुढे बाळ दिवस भरून झालं, मुलगी, आणि तिच्या रडण्याने शेजारचा वॉर्ड जागा झाला. आता पुन्हा भांडणाकडे वळू.

कारण जीव भांड्यात पडल्याबरोबर आत्याचं भाषण घशातून वर आलं. पूर्ण नाही, फक्त उपसंहार. "मी सांगत नव्हते?" ती खाटेजवळ उभं राहून म्हणाली. "चीज! चीज! घसा कोरडा केला मी!"

सुनेने तोंड भिंतीकडे वळवलं. "माहितेय," ती म्हणाली. "मीच केलं. आधीचंही माझ्याचमुळे गेलं असेल." विहीणबाईंनी आत्याकडे असं पाहिलं की तसं औषधाच्या बाटलीकडे पाहिलं असतं तर बाटली फुटली असती.

असा आजार निघाला की आरोग्य खात्याचा माणूस घरी येतो आणि तो कुठून आला ते शोधतो. तो आला. सडपातळ, हळू बोलणारा, हातमोजे घातलेला निरीक्षक. आत्याने त्याचं स्वागत असं केलं जसं एखाद्या नातेवाइकाचं. अखेर घरात पद्धतशीर काम करणारं माणूस आलं! त्याने फ्रीज उघडला आणि डब्यांवरच्या पट्ट्या एकेक करून वाचल्या.

"इतका व्यवस्थित फ्रीज मी आजवर पाहिला नाही," तो म्हणाला.

आत्या लाजली. मग तिने भांडणाच्या दिवसापासून पुरावा म्हणून तशीच ठेवलेली खोळ आणली आणि आरोपीला हजर केलं. "हे घ्या चीज. नीट तपासा."

त्याने पाकीट पिशवीत घातलं. फ्रीजचे कप्पेही कापसाच्या बोळ्याने पुसून घेतले. तो निघणार तोच आत्याने त्याला थांबवलं.

"अहो, असं कसं? कंट्रोल नको का?"

निरीक्षक गोंधळला. आत्याने त्याला समजावलं. तिच्या प्रयोगशाळेत कुठलीही तपासणी एकटी होत नाही. शंका असलेल्या नमुन्याबरोबर एक निर्दोष नमुना ठेवायचा, ज्यात काही निघणार नाही याची खात्री असते. दोन्ही शेजारी ठेवले की दोषी उठून दिसतो. त्यालाच कंट्रोल म्हणतात. एवढं बोलून तिने फ्रीजमधला खरबुजाचा एक डबा काढला, त्याच्यावरची सही नीट दिसतेय ना ते पाहिलं, आणि त्याच्या हातात दिला.

फोन आला तेव्हा आत्या प्रयोगशाळेत एकटीच होती. निरीक्षकाचा आवाज नेहमीपेक्षाही हळू होता. चीज अगदी स्वच्छ. जंतू खरबुजात निघाला. फ्रीजच्या मधल्या कप्प्याच्या कोपऱ्यातही निघाला. आणि सुनेच्या रक्तातल्याशी पडताळून पाहिलं तर तोच, त्याच जातकुळीचा.

"बाई," तो म्हणाला, "तुमचा तो कंट्रोल..."

"कळलं," आत्या म्हणाली.

खरबुजाच्या सालीवरून सुरीवर, सुरीवरून फोडींवर, फोडींवरून कप्प्यात, आणि कप्प्यात चार अंशांवर आठवडाभर निवांत मुक्काम. आत्यानेच सगळ्यांना सांगितलं होतं की हा जंतू थंडीत वाढतो. आणि दर रविवारी सही करून तीच त्याला थंडीत ठेवत होती.

हे ठाऊक असलेली माणसं त्या घडीला जगात दोन. त्यातला निरीक्षक काही कुणाच्या घरी सांगत फिरणार नव्हता. आत्या गप्प राहिली असती तर दोष चीजचा राहिला असता, आणि चीजला काय, ते कुठे आत्याच्या घरी सून म्हणून नांदत होतं? पण दोष नुसता चीजवर राहिला नव्हता. तो भिंतीकडे तोंड करून झोपलेल्या त्या मुलीवर जाऊन बसला होता.

त्या दिवशी आत्या वॉर्डात गेली, स्टुलावर बसली आणि एक शब्द न बोलता परत आली. दुसऱ्या दिवशी तेच. आतोबांनी तिच्या कपाळाला हात लावून पाहिला.

तिसऱ्या दिवशी सगळे हजर होते. विहीणबाई लेकीचे केस विंचरत होत्या, चिरंजीव खाटेचा सैल झालेला स्क्रू पिळत होता, आतोबा खुर्चीत. बाळाचे ठोके टकटकत होते. आत्या दारातून आली आणि बसली नाही.

"चीज स्वच्छ निघालं," ती म्हणाली.

फणी थांबली.

"खरबुजात निघाला. कंट्रोल म्हणून दिलेल्या माझ्या डब्यात. मधल्या कप्प्यातही. तुझ्या रक्तात होता तोच."

सुनेने हळूच तोंड भिंतीकडून वळवलं. "म्हणजे मी नाही?"

"तू नाहीस. मी. आणि आधीच्या वेळी तर कुणीच नव्हतं, ते मी तेव्हाही सांगितलं होतं, आताही सांगते."

"अगं बाई!" विहीणबाईंच्या चेहऱ्यावर लख्ख उजाडलं. "म्हणजे कुंपणानेच शेत खाल्लं की हो, ताई!"

"खाल्लं," आत्या म्हणाली. "बोला, अजून बोला. तुमचा हक्क आहे."

विहीणबाईंनी आणखी दोन म्हणी काढून ठेवल्या होत्या. पण परवानगीने टोमणा मारण्यात काय मजा? त्या पुन्हा केस विंचरू लागल्या.

"पण आई," चिरंजीव पान्हा हातात धरून म्हणाला, "तो थंडीत वाढतो हे तूच तर सांगत होतीस."

"डोक्याला माहीत होतं रे. हातांना कुणी सांगितलंच नाही. हात एवढी वर्षं एकच गोष्ट शिकलेत, चिरलं की थंड कर."

सून रडायला लागली. आत्या खाटेची कड धरून उभी राहिली, जे काही येईल ते झेलायला. पण रडता रडता सुनेचे खांदे वेगळेच हलू लागले.

"कंट्रोल म्हणून..." तिला बोलता येईना. "कंट्रोल म्हणून खरबूज तुम्हीच दिलंत? स्वतःच्या हाताने?"

"सहीसकट," आतोबा म्हणाले.

मग ती अशी हसली की पोटावरचा पट्टा सरकला, यंत्रावरची रेघ वेडीवाकडी उड्या मारू लागली, आणि नर्स धावत आत आली. पट्टा पुन्हा बांधून, सगळ्यांकडे डोळे वटारून ती गेली. सुनेने पदराने डोळे पुसले. पदर विहीणबाईंचा होता.

"हे तुम्हाला कधी कळलं?" तिने आत्याला विचारलं.

"परवा."

"आणि परवापासून तुम्ही येऊन नुसत्या बसून जाताय? मला वाटलं, बाळाचं काहीतरी वाईट कळलंय आणि सगळे मिळून लपवताय. तुम्ही ओरडता तेव्हा मला राग येतो, आई. गप्प बसता तेव्हा भीती वाटते."

आत्या खाली बसली. "मला शब्दच सापडत नव्हते."

"तुम्हाला?" चिरंजीव, विहीणबाई आणि आतोबा एकदम म्हणाले.

"आता बोला," सून म्हणाली.

"काय बोलू?"

"काहीही. रागवा. इथून सुटले की मी घरीच येणार आहे, पण अशा गप्प घरात मला नाही राहायचं. आणि फ्रीज मी लावणार."

आत्याने चष्मा काढला, पुसला, घातला. मग तिची नजर खाटेच्या पायथ्याशी गेली.

"पाय असे लोंबकळत ठेवलेस तर सूज येईल. वर घे."

"घेतले."

"आणि पाणी पितेस का? तो तांब्या सकाळपासून तेवढाच दिसतोय. आणि काय हो विहीणबाई, ओले केस कुणी असे ओढून विंचरतं का? मुळं दुखतात."

विहीणबाईंनी उत्तराला तोंड उघडलं. लेकीकडे पाहिलं. लेक उशीला टेकून, डोळे मिटून ऐकत होती, दुरून ओळखीचं गाणं यावं तशी. विहीणबाईंनी तोंड मिटलं आणि केस खरंच जरा हळू धरले. आत्याला एवढी मोकळीक पुरेशी होती. तिने उशी बदलली, पडदा सरकवला, चिरंजीवाला स्क्रू उलटा पिळतोयस म्हणून सांगितलं, आणि मग आवाज चढवून दुसऱ्या अंकाला सुरुवात केली.

नर्सने पुन्हा दारातून डोकं आत घातलं. "जरा हळू बोला ना! बाळाला त्रास होईल."

"होऊ दे सवय," आतोबा म्हणाले.